ठाणे-नवी मुंबईत मार्केटिंगची इंटर्नशिप: तीन ठिकाणांहून होकार, कुठे जावं?

कळवाकर_टीवाय

नमस्कार. बीएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मार्केटिंग. ओजेटी (अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) करायचीच आहे, पण नुसतं सर्टिफिकेट नको. मुलाखतीत दाखवता येईल असं काम हवं आहे. तीन ठिकाणांहून होकार आला आहे. वागळे इस्टेटमधली एक लहान डिजिटल एजन्सी (३ महिने, महिना ५,००० रुपये), रबाळे एमआयडीसीत औद्योगिक व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी (२ महिने, ८,०००), आणि घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डरचं मार्केटिंग (२ महिने, ६,००० अधिक इन्सेंटिव्ह). वर्गातले सगळे एजन्सीच घे म्हणतात. या क्षेत्रातल्या लोकांचं मत हवं आहे. कुठे नक्की काय काम पडतं, आणि हो म्हणण्याआधी काय विचारावं?

---

पारसिक_हिल

स्टायपेंड तूर्त बाजूला ठेव. तिन्ही ठिकाणी फोन करून एवढंच विचार: पहिल्या पंधरा दिवसांत माझ्याकडे कोणतं काम असेल, ते कोण तपासेल, आणि जाताना त्यातलं काय मला दाखवता येईल?

‘सोशल मीडिया बघायचा’ हे उत्तर पुरेसं नाही. तयार पोस्ट ठरल्या वेळी टाकणं, पोस्ट लिहिणं आणि जाहिरातीचं बजेट हाताळणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिलं दोन दिवसांत येतं आणि पुढचे दोन महिने त्यातून नवं काही मिळत नाही.

‘कोण तपासेल’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. बऱ्याच लहान कंपन्यांत मार्केटिंगचा माणूसच नसतो, इंटर्न हाच पूर्ण विभाग असतो. तिथे मोकळीक भरपूर मिळते, पण चूक दाखवणारं कोणी नसतं, त्यामुळे चुकीची सवय पक्की होते. मालक स्वतः आठवड्यातून अर्धा तास बसणार असेल तरी चालेल, पण वार आणि वेळ आधी ठरवून घे.

जाहिरातीच्या खात्यांचा अ‍ॅक्सेसही विचार. गूगल अ‍ॅड्समध्ये फक्त पाहण्याची परवानगी देता येते, मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) बिझनेस खात्यातही कामगिरी पाहण्यापुरता अ‍ॅक्सेस मिळतो. त्यात काही बदलता येत नाही, म्हणजे कंपनीला धोका नाही आणि तुला खरे आकडे रोज दिसतात. मात्र कोणी सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड दिला तर नम्रपणे नको म्हण आणि स्वतःच्या ईमेलवर अ‍ॅक्सेस माग. सामायिक पासवर्डच्या खात्यात रात्री कोणी बजेट वाढवलं तर ते कोणी केलं हे सिद्ध होत नाही, आणि संशय सगळ्यात नव्या माणसावर येतो.

---

रबाळे_बी२बी

वर्गातल्यांचं ऐकून रबाळे सोडू नकोस. कारखान्यातलं मार्केटिंग दिसायला रूक्ष आहे, पण गिऱ्हाईक विकत का घेतं आणि का घेत नाही हे तिथे जितकं समोर दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

तुझ्या वाट्याला बहुधा चौकशा येतील. बी२बी (कंपनी-ते-कंपनी व्यापाराच्या) पोर्टलवरून, वेबसाइटच्या फॉर्मवरून, प्रदर्शनात गोळा झालेल्या व्हिजिटिंग कार्डांवरून. पोर्टलवरची एकच चौकशी अनेक पुरवठादारांकडे जाते, त्यामुळे पहिल्या तासात फोन झाला तर बोलणं पुढे सरकतं. दुसऱ्या दिवशी केलास तर समोरच्याकडे दोन कोटेशन आधीच पोचलेली असतात.

‘दोन इंची व्हॉल्व्हचा भाव काय?’ अशी चौकशी अर्धवट असते. पूर्ण चौकशीला व्हॉल्व्हचा प्रकार लागतो (बॉल, गेट, ग्लोब की बटरफ्लाय), साइझ, मटेरियल (कास्ट आयर्न, स्टेनलेस स्टील म्हणजे एसएस ३०४, एसएस ३१६), प्रेशर रेटिंग, जोडणी फ्लँजची की आट्यांची, आतून काय वाहणार, त्याचं तापमान, नग किती आणि माल कुठे पोचवायचा. यातलं एक सुटलं तरी कोटेशन चुकतं. ३०४ धरून भाव दिला आणि नंतर गिऱ्हाईक म्हणालं की लाइनमधून क्लोराइडचं पाणी जातं, तर ३१६ लागेल, भाव वाढेल, आणि गिऱ्हाइकाला वाटेल की आधी कमी सांगून आता चढवतात. म्हणून पहिल्या आठवड्यात सेल्स इंजिनिअरजवळ बसून या प्रश्नांचा एक पानी फॉर्म बनव. बहुतेक ठिकाणी तो नसतो, आणि तू गेल्यावरही तो वापरात राहतो.

दुसरं काम कॅटलॉगचं. जुन्या पीडीएफमध्ये बंद झालेली मॉडेल्स, चुकलेली मापं, जुने फोन नंबर असतात. प्रत्येक ओळ प्रॉडक्शनकडून तपासून सही घे. ‘वेबसाइटवर असंच आहे’ हा पुरावा नाही, कारण वेबसाइटही त्याच जुन्या कॅटलॉगवरून भरलेली असते.

एक मर्यादा मात्र आहे. औद्योगिक मालाची ऑर्डर पक्की व्हायला कित्येक आठवडे जातात, कधी महिने. दोन महिन्यांत ‘मी एवढी विक्री आणली’ असं म्हणता येणार नाही. त्याऐवजी उत्तर द्यायला लागणारा वेळ, पूर्ण माहिती असलेल्या चौकशांचं प्रमाण आणि निघालेली कोटेशन मोज. हे आकडे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले नाहीस तर शेवटी ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना जमणार नाही.

---

नौपाडा_क्रिएटिव्ह

वरच्या मताशी अर्धी सहमत. कारखान्यात एकाच उत्पादनात खोलवर जाता येतं. एजन्सीत तीन महिन्यांत दातांचा दवाखाना, क्लासेस, साडीचं दुकान असे चार-पाच वेगळे धंदे बघायला मिळतात. कुठल्या धंद्यात जायचं हे ठरलं नसेल तर त्याचं मोल मोठं आहे. ५,००० मध्ये गाडीभाडं आणि डबा यापलीकडे काही सुटत नाही हे खरं, पण माझ्या मते तुझ्या वर्षाला एजन्सी वाईट नाही, अट एवढीच की तुला फक्त कॅन्व्हावर (तयार डिझाइनच्या साधनावर) बसवू नये.

एजन्सीत पहिल्याच दिवशी ज्या गोष्टी माहीत असाव्यात त्या सांगते. इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५०, रील १०८० बाय १९२०. रीलच्या खालच्या भागावर अ‍ॅपमधलं खात्याचं नाव आणि कॅप्शन येतं, म्हणून पत्ता आणि फोन तिथे टाकू नये. गूगलच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च अ‍ॅडला जास्तीत जास्त १५ शीर्षकं देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांपर्यंत, आणि ४ वर्णनं, प्रत्येकी ९० अक्षरांपर्यंत. मराठीत मात्रा आणि अनुस्वारही मोजले जातात, म्हणून ३० ची मर्यादा वाटते त्यापेक्षा खूप लवकर संपते. ‘ठाणे’ डोळ्याला दोन अक्षरं दिसतं, मोजणीत चार होतात.

एसएमएसचंही तसंच. इंग्रजी संदेश १६० अक्षरांपर्यंत एकात बसतो, देवनागरी ७० पर्यंतच. ७० च्या पुढे गेला की तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरं, आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. दहा हजार लोकांना ७५ अक्षरांचा संदेश गेला तर बिल वीस हजार संदेशांचं येतं. त्यातही डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीच्या यंत्रणेवर) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट आधी मंजूर असावा लागतो. मंजूर मजकुरात ऐन वेळी एखादा शब्द बदलला तर संदेश अडतो. सणाच्या आदल्या संध्याकाळी नेमकं हेच होतं.

इन्फ्लुएन्सरचं काम आलं तर पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याची खूण ठळक दिसली पाहिजे. एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियामक संस्थेचे याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत. क्लायंट ‘खूण नको, खरं वाटू दे’ म्हणाला तर वरिष्ठांना लेखी कळव, स्वतः निर्णय घेऊ नकोस.

---

मानपाडा_साइट

बिल्डरकडच्या इन्सेंटिव्हचा नीट अर्थ विचारून घे. इन्सेंटिव्ह साइट व्हिजिटवर असेल तर ते काम टेलिकॉलिंगचं आहे, मार्केटिंग फक्त नावाला. त्यातही शिकायला मिळतं (नकार ऐकून बोलणं पुढे कसं न्यायचं हे दुसरीकडे सहसा शिकवत नाहीत), पण दिवसभर फोनच करायचे आहेत हे आधी माहीत असू दे.

जाहिरातीचं काम मिळालं तर दोन गोष्टी चुकवू नकोस. प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्स्टाग्रामची पोस्टसुद्धा जाहिरातच आहे. डिझायनर घाईत जाहिरातीचं माप कमी करतो तेव्हा सर्वात आधी हाच कोपरा कापला जातो, म्हणून छापायला देण्याआधी तो कोड स्वतःच्या फोनने स्कॅन करून बघ.

दुसरी गोष्ट ऑनलाइन जाहिरात कोणत्या परिसरात दाखवायची ते निवडण्याची. घोडबंदर रोडवर पिन ठेवून पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं की एका बाजूला येऊरचं जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी. वर्तुळ मोठं दिसतं, माणसं त्यात तेवढी नसतात. ठाणे स्टेशनवर पिन ठेवली तर रोज तिथून गाडी बदलणारे कल्याण-डोंबिवलीचे लोकही येतात. ते गिऱ्हाईक असू शकतात, पण मग तसं ठरवूनच घ्यावं. गूगल अ‍ॅड्समध्ये ठिकाणाची मूळ सेटिंग ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले’ अशी असते. दुकान किंवा क्लासची जाहिरात असेल तर ती ‘तिथे असलेले’ अशी बदलावी, नाहीतर दुसऱ्या शहरातले क्लिक येत राहतात. फ्लॅटसाठी मात्र बाहेरगावचा माणूसही कामाचा असतो, तिथे विचार करून बदल.

---

कळवाकर_टीवाय

सगळ्यांचे मनापासून आभार. ओजेटीच्या कागदपत्रांचं कोणी सांगेल का? आणि एक्सेल किती यायला हवं? व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणारं सूत्र) पाठ आहे, पण खऱ्या कामात कधी वापरलं नाही.

---

वाशी_अध्यापिका

ओजेटी ४ क्रेडिटची असेल तर १ क्रेडिटला ३० तास या हिशेबाने १२० तास होतात. रोज सहा तास धरले तर वीस दिवसांत भरतात. कॉलेजसाठी एवढं पुरेसं आहे, शिकण्यासाठी नाही. एखादी मोहीम आखून, चालवून, तिचे आकडे बघायला सहा-आठ आठवडे लागतातच, म्हणून पूर्ण दोन महिने कर. तुमच्या कॉलेजचा नमुना आणि तासांची अट विभागाकडून लेखी घे, कारण नमुने प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

कंपनीकडून रुजू होण्याचं पत्र लेटरहेडवर घ्यावं. त्यावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, दिवसाचे तास, कामाचं स्वरूप आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं पद असावं. लॉगबुक रोजच्या रोज भरायचं आणि दर शनिवारी सही घ्यायची. मुलं शेवटच्या दिवशी दोन महिन्यांच्या सह्या मागतात, तेव्हा साहेब दौऱ्यावर असतात किंवा एवढ्या पानांवर सही करायला नकार देतात. नोंदही नेमकी लिही. ‘सोशल मीडियाचं काम केलं’ असं नाही, तर ‘४० चौकशांपैकी २६ जणांना फोन, ९ जणांकडून पूर्ण तपशील, ४ कोटेशन पाठवली’ असं. अहवाल लिहिताना हीच पानं कामाला येतात.

जाता जाता, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दल मुलं नेहमी विचारतात. तिथे शिक्षण चालू असलेले उमेदवार पात्र नाहीत. पदवी झाल्यावर बघ.

---

ऐरोली_पिव्हट

एक्सेलबद्दल. व्हीलुकअपच्या आधी यादी स्वच्छ करायला शीक, कारण लुकअप चुकण्याचं मुख्य कारण घाणेरडा डेटा हेच असतं. एकच फोन नंबर कुठे शून्य लावून, कुठे +९१ लावून, कुठे मध्ये स्पेस देऊन लिहिलेला असतो, आणि एक्सेलला ते तीन वेगळे लोक वाटतात. आधी स्पेस आणि डॅश काढून टाक, मग राइट सूत्राने उजवीकडचे दहा अंक वेगळ्या स्तंभात घे, त्यानंतर डुप्लिकेट काढ. मूळ शीटला हात लावू नकोस, प्रत काढून त्यात काम कर. याच्या जोडीला पिव्हट टेबल, फिल्टर आणि काउंटइफ्स आलं की इंटर्नचं बहुतेक काम निघतं.

आता आकड्यांचा हिशेब. समजा जाहिरातीवर १२,००० रुपये गेले, १,५०,००० वेळा ती दिसली, १,८०० क्लिक आले, ६० जणांनी फॉर्म भरला. सीटीआर (दिसल्यापैकी किती वेळा क्लिक झालं) १.२ टक्के, क्लिक साधारण ६ रुपये ६७ पैशांना, लीड (फॉर्म भरणारा संभाव्य गिऱ्हाईक) २०० रुपयांना. इथवर सगळे पोचतात. पुढे फोन केल्यावर कळतं की ६० मधले २४ खरे, बाकीचे चुकीचे नंबर किंवा चुकून भरलेले फॉर्म. म्हणजे खरी लीड ५०० रुपयांना पडली. त्यातले ६ प्रत्यक्ष आले, म्हणजे एक भेट २,००० रुपयांना. मालकाला शेवटचा आकडा हवा असतो आणि रिपोर्टमध्ये बहुधा २०० वरच थांबलेले असतात. फॉर्म भरून घेण्याच्या जाहिरातीत नंबर आपोआप भरला जातो, त्यामुळे लीड स्वस्त आणि कच्ची येते. फॉर्ममध्ये हाताने उत्तर द्यावं लागेल असा एक प्रश्न घातला की संख्या घटते, पण फोन वाया जात नाहीत.

मेटावर अ‍ॅड सेट (एकाच प्रेक्षकवर्गासाठीच्या जाहिरातींचा गट) स्थिरावायला आठवड्याला साधारण ५० निकाल (इथे लीड) लागतात. लीड २०० ची असेल तर एका अ‍ॅड सेटला आठवड्याचे १०,००० झाले. दिवसाला ५०० रुपयांचं बजेट म्हणजे आठवड्याला ३,५००, म्हणजे सतरा-अठरा लीड. त्याचेही चार तुकडे करून चार अ‍ॅड सेट चालवले तर एकाचाही निष्कर्ष काढता येत नाही. बजेट लहान असेल तर एकच अ‍ॅड सेट ठेव, आत दोन-तीन जाहिराती, आणि दर दोन दिवसांनी ढवळू नकोस. मोठा बदल केला की मेटाच्या यंत्रणेची शिकण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यूटीएम लिंकमध्ये (क्लिक कुठून आलं हे सांगणारी शेपटी जोडलेल्या लिंकमध्ये) सगळं लहान अक्षरांत लिही. गूगल अ‍ॅनालिटिक्सला मोठ्या अक्षरातलं फेसबुक आणि लहान अक्षरातलं फेसबुक हे दोन वेगळे स्रोत वाटतात, आणि महिनाअखेरीस बेरीज जुळत नाही. नावांचा एक तक्ता करून सगळ्यांना दे.

---

जांभळीनाका_प्रिंट

छपाईचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिन्ही ठिकाणी पॅम्फ्लेट, स्टँडी, कॅटलॉग यातलं काहीतरी तुझ्या गळ्यात पडणारच.

ए५ पॅम्फ्लेट म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून फाइल १५४ बाय २१६ ची द्यायची. मजकूर कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत. रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे), फोटो ३०० डीपीआय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो छापायला देऊ नये, तो दाबून लहान झालेला असतो. लोगोची पीडीएफ किंवा व्हेक्टर फाइलच (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) मागून घे.

मराठी मजकुरात वेलांटी आणि जोडाक्षरं फुटतात, हे दुकानात रोज दिसतं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधला इंडिक पर्याय आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी लेआउट चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. जुन्या श्रीलिपीच्या फाइलमधला मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवला तर सगळीच अगम्य चिन्हं दिसतात. मजकूर नीट दिसतो हे पाहून झाल्यावर फॉन्ट आउटलाइन कर (अक्षरांचे आकारांत रूपांतर कर), पीडीएफ काढ, आणि त्या पीडीएफचा कागदावर प्रूफ घेऊन मराठी नीट वाचणाऱ्या माणसाकडून वाचून घे. पडद्यावर सुटलेली चूक कागदावर सापडते.

क्यूआर कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको आणि भोवती पांढरी जागा सोड. फुकट चाचणीवाल्या संकेतस्थळांवरून बनवलेला ‘डायनॅमिक’ कोड मुदत संपली की बंद पडतो, आणि तोवर पाच हजार प्रती वाटून झालेल्या असतात. थेट लिंकचा साधा कोड बनव. नौपाडा, वागळे आणि कोपरी अशा तीन भागांत वाटायचे असतील तर तीन वेगळ्या यूटीएम लिंकांचे तीन कोड कर, म्हणजे कुठून प्रतिसाद आला ते कळेल. कोणता गठ्ठा कुठला हे ओळखायला कोपऱ्यात ए, बी, सी छापून घे.

---

दिघा_लोकल

थोडं प्रवासाचं. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच मिळतो, इंटर्नशिपच्या ऑफिससाठी नाही. कळव्याहून रबाळे म्हणजे ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बर. साधा मासिक पास आणि स्टेशनपासून एमआयडीसीतल्या गेटपर्यंतची रिक्षा धरून ८,००० मधून किती उरतात ते मोज. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे हेही विचार. औद्योगिक पट्ट्यात ती रविवारीच असेल असं नाही, आणि कॉलेजचं लेक्चर नेमकं त्यात अडकतं.

---

पारसिक_हिल

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत असं काहीही मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या ठिकाणीही नाही. ऑफर लेटरवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का पाहा, दोन मिनिटांचं काम आहे. ‘मार्केटिंग इंटर्न’ म्हणून बोलावून नातेवाइकांच्या नंबरांची यादी मागितली तर ती साखळी विक्री किंवा विमा विकण्याचं काम आहे, तिथून परत या.

आणि कंपनीची लीड यादी स्वतःच्या ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊ नका. ती लोकांची खासगी माहिती आहे. पोर्टफोलिओत नावं, नंबर झाकून फक्त एकूण आकडे दाखवा, तेही लेखी परवानगी घेऊन.

---

कळवाकर_टीवाय

रबाळे आणि एजन्सी दोन्हीकडे फोन केला. एजन्सीत पहिले दोन महिने फक्त पोस्ट डिझाइन असेल असं सांगितलं. रबाळ्यात सेल्स मॅनेजर स्वतः काम बघणार आहेत, पण वेबसाइटच्या आकड्यांचा अ‍ॅक्सेस ‘बघू’ म्हणाले. रबाळ्याला जायचं ठरवतोय. अ‍ॅक्सेस आणि परवानगीचं लेखी कसं मागू? उद्धट वाटायला नको.

---

रबाळे_बी२बी

उद्धट अजिबात वाटत नाही, फक्त छोटं लिही. रुजू होण्याच्या तारखेला होकार देणाऱ्या ईमेलमध्येच हे घाल:

‘माननीय सर, दिलेल्या तारखेपासून रुजू होण्यास मी तयार आहे. कामाची आखणी करता यावी म्हणून तीन गोष्टींची विनंती: (१) वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्सचा फक्त पाहण्याचा अ‍ॅक्सेस माझ्या ईमेलवर मिळावा. (२) कामाचा आढावा घेण्यासाठी आठवड्यातून अर्धा तास, आपल्या सोयीच्या वारी. (३) इंटर्नशिप संपताना गिऱ्हाइकांची नावं व किमती वगळून, आपण तपासलेले एकूण आकडे कॉलेजच्या अहवालात व बायोडेटात वापरण्याची परवानगी.’

(१) ला नकार आला तरी जा. महिन्यातून एकदा त्यांच्याकडून रिपोर्टची पीडीएफ मागता येईल. (२) ला नकार आला तर पुन्हा फोन करून बोल. आणि जाण्याआधी त्यांच्या वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म स्वतः भरून बघ. किती वेळात, कोणाचं आणि काय उत्तर येतं ते वेळेसकट लिहून ठेव. पहिल्या आढाव्याच्या बैठकीत हीच नोंद समोर ठेवता येईल.